एक्काहत्तर फेरे

३ मार्च, सोमवार

बायकोनं आज अक्षरशः हात जोडले. म्हणाली, "अहो, जे काय आहे ते वहीत लिहा, मला ऐकवू नका. एकतीस वर्षं ऐकतेय." म्हणून ही वही. कचेरीतली आहे, अर्धी कोरी पडली होती.

तर, मी पाणी खात्यात चावीवाला आहे. माझ्या खांद्याइतकी उंच लोखंडी चावी घ्यायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी खाली सोडून व्हॉल्व्ह फिरवायचा, की त्या गल्लीला पाणी. उजवीकडे घट्ट होईपर्यंत फिरवला की बंद. गुरुवारी पंप साफसफाईसाठी थांबतात, तेवढी माझी सुट्टी. नोकरीला लागलो तेव्हा गावात एकोणीस हजार माणसं होती. आज एकसष्ट हजार आहेत. पंप तेच, रोजचं पाणीही तेच, ऐंशी लाख लिटर. चढावरच्या वस्तीत तर करंगळीएवढी धार येते, तीही पहाटे. लोक मला शिव्या घालतात. मी म्हणतो, बाबांनो, पोरं काढताना मला विचारलं होतं का?

आज मोठ्या साहेबांनी सगळ्या खात्याला बोलावलं. अकरा किलोमीटरवरच्या तळ्यातून पाणी उचलायचं ठरतंय. साहेब म्हणाले, माणसं वाढली तर नवं पाणी आणायलाच हवं. तळं पहिल्या दोन वर्षांत पुरुषभर खाली जाईल, पण इलाज नाही.

ते तळं म्हणजे माझ्या अक्काचं तळं. माझी थोरली बहीण तिथे काठावर राहते आणि लव्हाळ्याच्या चटया विणते. लव्हाळा उभा राहतो गुडघाभर पाण्यात. पाणी पुरुषभर खाली गेलं तर लव्हाळा गेला, आणि अक्काचं घर चालायचं बंद. मी मागच्या रांगेत बसून होतो. तोंडातून शब्द फुटला नाही.

फुटला तो नव्या इंजिनिअरबाईंच्या तोंडातून. दोनच महिने झालेत त्यांना इथे. कानावर सतत पेन्सिल, म्हणून मी त्यांना मनात पेन्सिलबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "साहेब, नवं पाणी असं काही नसतं. दुसऱ्याचं पाणी असतं. आपण शंभर लिटर सोडतो, त्यातलं अठ्ठावन्नच घरांत पोचतं. बेचाळीस कुठं जातं ते आधी शोधू." साहेब हसले. मुलांना कबूल करावं तसं त्यांनी कबूल केलं, की पंधरा मेच्या बैठकीपर्यंत ही गळती शंभरात वीसच्या खाली आणून दाखवा, मी तळ्याची फाईल बंद करतो. नाहीतर सोळा तारखेला खोदाई सुरू.

मी एकतीस मेला निवृत्त होतोय. माझ्या नोकरीचा शेवट अक्काच्या तळ्यानं व्हायचा असं दिसतं.

४ मार्च, मंगळवार

पेन्सिलबाई सकाळीच दारात. नकाशा हवा म्हणे. मी म्हटलं, मॅडम, नकाशांची खोली अठरा वर्षांपूर्वी आमच्याच फुटलेल्या लाईननं भिजून गेली. आता दोनशे चौदा व्हॉल्व्ह आहेत ते सगळे इथे, आणि डोक्याला बोट लावलं. त्या म्हणाल्या, "मग काका, तुम्ही सांगा, मी काढते." मी म्हटलं, सांगू की, हळूहळू.

वहीत खोटं कशाला लिहू. मला सांगायचं नाहीये. रस्ता फुटला की साहेबांची गाडी माझ्या दारात येते ती या डोक्यामुळे. कागदावर उतरलं की एक जूनला मला कोण विचारणार? कुत्रंसुद्धा नाही.

बायकोला बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी बोललो. ती भांडी विसळत होती, दोन बादल्यांत. घरात दोन बादल्यांच्या वर पाणी मी वापरू देत नाही, माझं स्वतःचं घर आधी शिस्तीत हवं. ती न वळता म्हणाली, "हे अक्कांना सांगून बघा."

झोप लागली नाही.

१० मार्च, सोमवार

सांगायला लागलो. चार दिवस त्यांच्याबरोबर पायी फिरतोय. मी चालत जातो आणि चावीनं रस्त्यावर ठोकतो, इथे एक, इथून सात पावलांवर दुसरा, तिसरा डांबराखाली गाडलाय. पेन्सिलबाई कागदावर टिंब काढतात आणि शेजारी फेरे लिहितात. प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे मला पाठ आहेत. बाजाराचा चाळीस, शाळेचा बावीस, न्हाव्याच्या दुकानासमोरचा छत्तीस आणि वर एक अर्धा. मी हे म्हणताना त्यांनी पेन्सिल थांबवून माझ्याकडे बघितलं. मला जरा बरं वाटलं, लपवून काय उपयोग.

१९ मार्च, बुधवार

सत्याहत्तर टिंबं झाली. गळत्या सापडतायत, पण बारीक बारीक. कुठे वायसर गेलेला, कुठे झाडाच्या मुळीनं पाईप दाबलेला.

दुपारी डबा घेऊन माझ्या जागेवर गेलो. गावाबाहेर काचेचा बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्या मागे भिंतीपलीकडे झरा आहे. सगळा गाव सुकून काडी झालाय आणि इथे भर उन्हात हिरवंगार. उंबर, बोरू, पाणकोंबड्या, निळा खंड्या. वीसेक वर्षांपूर्वी आपोआप फुटला म्हणतात. मी तिथे बसलो की माझा संताप उतरतो. माणसानं हात लावला नाही तर निसर्ग बघा कसा भरभरून देतो. कारखान्याचा राखणदार सांगतो की लोक गुडघेदुखीवर हे पाणी बाटल्या भरून नेतात. पाण्याला थोडा औषधी वास आहे खरा. राखणदार असंही म्हणाला की झरा गुरुवारी विश्रांती घेतो, त्या दिवशी टिपूस नाही. मला गंमत वाटली. मी गुरुवारी कधी तिकडे जात नाही, पण निसर्गालाही सुट्टी लागत असेल.

एक बाटली अक्कासाठी भरून घेतली.

२३ मार्च, रविवार

अक्काकडे जाऊन आलो. तिला तळ्याचं कळलंय. काठावर लाल डोक्याच्या खुंट्या ठोकून गेलेत खात्याचे लोक, पाईप कुठून जाणार त्याच्या. अक्का चटई विणत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "तुमच्या गावाची तहान मोठी आहे रे." मी म्हटलं, अक्का, माणसं फार वाढली. ती म्हणाली, "वाढली असतील. माझीही तीन त्यात आहेत." तिची तिन्ही मुलं आमच्याच गावात नोकरीला आहेत, हे मी विसरलोच होतो.

गुडघ्याचं पाणी दिलं. तिनं वास घेतला आणि म्हणाली, तुमच्या नळासारखा वास येतोय. मी म्हटलं, बाटली आमच्या घरातली ना, तिचा असेल.

निघताना तिनं दारापर्यंत येऊन विचारलं, होईल का रे काही? मी होईल म्हणालो. कुठल्या तोंडानं म्हणालो देव जाणे.

९ एप्रिल, बुधवार

बेचाळीसवरून चौतीस! पेन्सिलबाईंनी आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खात्यातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिपायानं स्वतःच्या खिशातून चहा पाजला, हा तर चमत्कारच.

आज एक मजेशीर गोष्ट झाली. जुन्या गोदामाच्या रस्त्यावर एक व्हॉल्व्ह मी उजवीकडे फिरवतोय, फिरवतोय, आणि पलीकडे पाणी वाढतंय. मॅडम गोंधळल्या. मी हसलो. म्हटलं, ही डावखुरी जात आहे मॅडम, डावीकडे फिरवला की बंद होते. कारखान्याच्या लोकांनी स्वतःचं सामान बाहेरून आणून बसवलं होतं, त्यातला हा एखादा. त्यांनी विचारलं, असे आणखी आहेत का? म्हटलं, गावात नाहीत. खुद्द कारखान्याच्या लाईनवर एक मोठा आहे, पण तो मी बावीस वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला तेव्हाच बंद केला.

मग त्यांना तो किस्साही सांगितला. कारखान्याचा माणूस म्हणत होता, मी कालच व्हॉल्व्ह बंद केलाय. मी कुणाच्या शब्दावर जाणारा नाही. स्वतः चावी लावली आणि फिरवला, घट्ट होईपर्यंत. एक्काहत्तर फेरे! पेन्सिलबाई म्हणाल्या, बंद असलेला व्हॉल्व्ह एक्काहत्तर फेरे फिरला? मी म्हटलं, म्हणून तर सांगतोय, त्या माणसानं नीट बंद केलाच नव्हता. त्यांना तो बघायचा होता. पण चेंबरवर मलबा पडलाय, उकरायला दोन दिवस जातील आणि आपल्याकडे दिवस कुठे आहेत? माझ्या शब्दावर ठेवा, म्हटलं. त्यांनी टिंबाशेजारी लिहिलं, "बंद. काकांच्या शब्दावर."

छाती फुगली माझी.

२२ एप्रिल, मंगळवार

सत्तावीस. आठ दिवस झाले, आकडा सत्तावीसवर बसलाय, हलायला तयार नाही. दोनशे चौदाही टिंबं झाली. उकरायचं ते उकरून झालं, बदलायचं ते बदललं. मोठे साहेब आज फळ्यासमोर उभे राहिले आणि गोडीगुलाबीनं म्हणाले की प्रयत्न छान होता, पण शेवटी माणसंच इतकी आहेत.

मला ते पटलं, हेच वाईट. संध्याकाळी बाजारातून येताना गर्दीकडे बघून माझं डोकं भणभणत होतं. प्रत्येकाच्या हातात डबा, कडेवर पोर. कशाला आलात इतके? कुणी बोलावलं होतं? एका बाईचा हंडा माझ्या अंगावर सांडला तर मी तिच्यावर ओरडलो. ती घाबरून सॉरी काका, सॉरी काका म्हणत राहिली. घरी येऊन मला लाज वाटली.

पेन्सिलबाई अजून कचेरीत बसलेल्या असतात. त्यांनी नकाशा भिंतीवर लावलाय. माझं डोकं भिंतीवर टांगलंय आणि तरी अक्काचं तळं जाणार.

२८ एप्रिल, सोमवार

सावकाश लिहितो.

आज सकाळी मोठ्या पंपाची मोटर जळाली. सोमवार असून गावाचं पाणी बंद. मला काम नाही, म्हणून अक्कासाठी दुसरी बाटली भरायला झऱ्यावर गेलो.

झरा बंद होता.

राखणदार म्हणाला, काय की बुवा, आज गुरुवार नाही तरी सुट्टी घेतली यानं. मी ओल्या दगडांवर बसलो. आधी वाटलं, झरा आटला. मग वाटलं, काल तर वाहत होता. मग मी दगडांतल्या खळग्यात उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन नाकाला लावलं. एकतीस वर्षं ज्या वासात वावरलो तो वास. आपल्या टाकीत टाकतात त्या औषधाचा. अक्काला एका झटक्यात कळलं होतं.

दीड वाजता दुसरा पंप लावला असणार. मी तिथेच बसून होतो. पावणेदोनला दगडांतून आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं.

कारखान्याच्या माणसानं खरंच बंद केला होता. डावीकडे फिरवून, जसा करायचा तसा. डावखुरी जात असते हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि सवयीनं उजवीकडे एक्काहत्तर फेरे फिरवून पूर्ण उघडला. वर नोंदवहीत 'बंद' म्हणून सही केली, आणि पुढे ती लाईन कुठेतरी फुटून हा झरा झाला.

२९ एप्रिल

काही लिहायचं नाही.

१ मे, गुरुवार

दोन दिवस मी हाच विचार केला की कुणाला कळणार? एक महिन्यात मी निवृत्त. हार, नारळ, दोन भाषणं, आणि "काकांसारखा माणूस होणे नाही." तळं गेलं तर साहेबांनी घालवलं, माणसांनी घालवलं. नकाशावर तर लिहिलंच आहे, काकांच्या शब्दावर.

आज बायकोला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिनं ऐकलं, हातातला तांब्या खाली ठेवला आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "बावीस वर्षं," म्हणाली, "बावीस वर्षं तुम्ही मला दोन बादल्यांत नांदवलंत. बाळंतपणातसुद्धा." मग हसू थांबलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळेना की आता काय करायचं असतं. मी तिच्यापुढे जाऊन बसलो. ती डोळे पुसून म्हणाली, "उद्या सकाळी सांगणार आहात ना त्या मुलीला?" विचारलं नाही तिनं, सांगितलं.

२ मे, शुक्रवार

सांगितलं. पेन्सिलबाईंनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. मी म्हटलं, मॅडम, ओरडा, मोकळ्या व्हा. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कागदावर झऱ्याचा अंदाज मांडला, कारखान्याच्या तळघरातून नाल्यात जात असेल तो मांडला, बेरीज केली आणि कागद माझ्याकडे वळवला. दिवसाला नऊ लाख लिटर.

"म्हणजे किती माणसांचं हो?" मी विचारलं.

"साधारण नऊ हजार," त्या म्हणाल्या.

नऊ हजार माणसांचं पाणी मी एकटा पीत होतो आणि बाजारातल्या त्या बाईवर ओरडत होतो.

३ मे, शनिवार

दोन मजुरांनी सकाळपासून मलबा उपसला. चेंबर निघालं तेव्हा अकरा वाजले होते. झाकण उचललं आणि खाली लाईन घोंघावत होती, भरधाव. बावीस वर्षं ती अशीच घोंघावत असणार आणि मी तिच्यापासून पन्नास पावलांवर डबा खात होतो.

चावी मीच लावली. डावीकडे जोर दिला, ढिम्म हलेना. गंजलेला. रॉकेल ओतलं, हातोड्यानं ठोकला. मग मजूर एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. पेन्सिलबाईंनीही पदर खोचला आणि चावीला हात घातला. एक कडकड आवाज आला, मला वाटलं चावी मोडली. पण फिरला! एक. मी मोठ्यानं मोजायला लागलो. दहाव्या फेऱ्याला मजुरांनीही मोजायला सुरुवात केली. तिसाव्याला घोंघावणं बदललं, पन्नासाव्याला नुसती शीळ उरली. माझे तळवे सोलून निघाले, पण मी चावी सोडली नाही, ते फेरे माझे होते. एकोणसत्तर, सत्तर, एक्काहत्तर, आणि घट्ट.

शांतता. मी कान लावला. लाईन गप्प.

पाच मिनिटांनी राखणदार धावत आला, झरा मेला म्हणून. त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले. म्हणाला, गुडघेवाल्यांना मी काय सांगू? मला त्या खंड्याचं मात्र वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याला पंख आहेत आणि तळं अकरा किलोमीटरवर आहे. अक्काला असं उडून कुठे जाता येणार होतं?

४ मे, रविवार

सकाळी सात वाजता दारात आठ बायका. चढावरच्या वस्तीतल्या. सगळ्या ओल्या.

त्यांच्याकडे दिवसा पाणी कधी येतच नाही, म्हणून नळ उघडेच ठेवायची सवय. पहाटे थेंब पडला की खाली भांडं सरकवायचं. आज पाणी आलं ते करंगळीनं नाही, मनगटानं आलं. गाद्या भिजल्या, धान्य भिजलं, एकीचं पोर पाटावरून तरंगत दारात आलं म्हणे, ते जरा वाढवून सांगितलं असेल. सगळ्यात पुढे उभी होती ती इस्त्रीवाली. तिचे गिऱ्हाइकांचे कपडे भिजले होते. तिनं मला असं काही झाडलं की बायको आतून बाहेर आली.

मी ऐकत राहिलो. एकतीस वर्षांत पाणी जास्त आलं म्हणून मला कुणी शिव्या घातल्या नव्हत्या. माझा चेहरा फुलत चाललाय हे बघून ती आणखी भडकली. मी म्हटलं, बाई, बोला, आणखी बोला.

त्या गेल्यावर बायकोनं न विचारता तिसरी बादली भरली.

१५ मे, गुरुवार

आज बैठक होती. सभागृह भरलेलं. फळ्यावर आकडा सोळा. सात दिवस रोज मोजून आलेला.

मला वाटलं होतं, झालं, आता सही. पण मोठे साहेब अहवाल वाचत बसले. म्हणाले, आकडा मान्य आहे. पण एका दिवसात सत्तावीसचे सोळा कसे होतात? अहवालात लिहिलंय, कारखान्याची लाईन बंद केली. आणि ही जुनी नोंद म्हणते की ती बावीस वर्षांपूर्वीच बंद झालीय, खाली चावीवाल्याची सही आहे. दोन्ही खरं कसं असेल? उद्या हाच आकडा पुन्हा चाळीस झाला तर गावाला मी काय पाजू? कारण कळल्याशिवाय तळ्याची फाईल बंद होणार नाही.

पेन्सिलबाई उठल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, व्हॉल्व्ह जुना होता, काही तांत्रिक दोष असू शकतो. मला वाचवत होती पोर. साहेबांनी मान हलवली आणि फाईल बाजूला सारली. एवढ्यानं भागणार नव्हतं.

मला न विचारताच माझे पाय उभे राहिले. "दोन्ही खरं आहे, साहेब," मी म्हटलं. "सही माझी आहे आणि व्हॉल्व्हही मीच उघडला होता. बंद करतोय असं समजून."

मग सगळं सांगितलं. डावखुरी जात, एक्काहत्तर फेरे, झरा, गुरुवार, वास. लोक हसतील याचीच भीती जास्त वाटत होती, पण कुणी हसलं नाही. शेवटी म्हटलं, "माणसं वाढली म्हणून मी बावीस वर्षं बोंब मारली. यातल्या नऊ हजार माणसांचं पाणी मी नाल्यात सोडत होतो. मला काय शिक्षा करायची ती करा. पण आता कारण कळलंय साहेब, आणि ते आकड्यात बसतंय."

साहेब म्हणाले, "आणि आता तो खरोखर बंद आहे, हे कशावरून? पुन्हा तुमच्याच शब्दावरून?"

तेवढ्यात मागून इस्त्रीवाली उठली. ती नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन आली होती. "साहेब," ती म्हणाली, "यांच्या शब्दाचं राहू द्या. माझ्या घरात टाचभर पाणी शिरलं त्याचं काय ते आधी बोला. अकरा दिवस झाले, नळ बंद करायला शिकतेय मी."

आधी कुणीतरी एकजण हसलं. मग अख्खं सभागृह. साहेबसुद्धा हसले, चष्मा काढून डोळे पुसले, आणि तळ्याची फाईल ओढून तिच्यावर काट मारून सही केली. दुसरा हुकूम मला. निवृत्तीपूर्वी दोनशे चौदाही झाकणांवर रंगानं बाण काढायचे, बंद कुठल्या बाजूला ते.

बाहेर आल्यावर पेन्सिलबाईंनी वाकून माझे पाय धरले. मी म्हटलं, अहो मॅडम, हे काय, मी गुन्हेगार. त्या म्हणाल्या, "काका, नकाशा तुम्ही दिलात." मग त्या रडायला लागल्या. मीही लागलो. शिपाई दोघांकडे बघून चहा आणायला पळाला.

१८ मे, रविवार

बायकोला घेऊन अक्काकडे आलोय. इथेच बसून लिहितोय.

खात्याची गाडी खुंट्या उपटत होती. अक्का त्यांच्यामागे फिरत होती, ही राहिली, ती राहिली म्हणून दाखवत. गाडी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, काही न वगळता. ती हातातला लव्हाळा सोलत राहिली.

"म्हणजे माझं तळं चाललं होतं ते तुझ्यामुळं?"

"थोडंफार."

"आणि राहिलं तेही तुझ्यामुळं?"

"थोडंफार."

तिनं लव्हाळा खाली ठेवला. मग म्हणाली, "तर मग जेवून जा. पण पान तुझं तू वाढून घे." आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की लहानपणीचे सगळे आठवले.

आता दोघी आत बसून मला हसतायत, आवाज इथपर्यंत येतोय. मी काठावर आहे. पाणी लव्हाळ्याच्या गुडघ्यापर्यंत आहे, जिथे असायला हवं तिथे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी एखाद्या पाण्याकडे नुसता बघत बसलोय. हे कुठे सोडायचं नाही, कुणाचं तोडायचं नाही.